मांडवपरतणीनंतरची गाडी

"चिखलदरा नको," कांता म्हणाली. "बाकी काही दाखव."

आदेशनं पोस्टरवर टेकवलेलं बोट खाली घेतलं. वर्ध्याच्या बसस्टँडसमोर त्याचं ट्रॅव्हल्सचं दुकान होतं. दुकान कसलं, एक काउंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पंख्याच्या वाऱ्यावर फडफडणारी थंड हवेची ठिकाणं.

"काऊन नको, काकू? तुमच्या बजेटमधी तेच बरोबर बसते. गाडी, हॉटेल, जेवण, सगळं धरून."

"गुंजन तिथं जाऊन आली."

"कॉलेजच्या ट्रिपले गेली असंन. नवऱ्यासोबत जाणं वेगळं राह्यते."

कांतानं पर्समधून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि डोळ्यांना न लावताच पुन्हा पर्समध्ये ठेवला.

नालवाडीतल्या घरी ती ब्लाउज शिवायची. यंदा भिशी तिच्या नावावर लागली, ती तिनं गुंजनच्या हनिमूनसाठी बाजूला काढली होती. रविवारी लग्न आणि गुंजन कुठंच जायला तयार नव्हती. 'तुम्ही एकट्या पडाल, आई,' एवढंच तिचं पालुपद. तेव्हा आज ठिकाण ठरवून, पैसे भरूनच घरी परतायचं, असं कांता मनाशी पक्कं करून आली होती. भरलेले पैसे वाया घालवणाऱ्यांतली गुंजन नव्हती.

"गुंजन सून ना तुमची?" आदेशनं विचारलं.

"सून."

"मंग जोडप्याची स्टाइल सांगा. कोणाले बर्फ लागते, कोणाले डीजे."

"ती साध्या गळ्याची आहे. लेस नाई, लटकन नाई. पण अस्तर चांगलं पाहिजे."

आदेश हसला. "म्हणजे रूम साधी पण स्वच्छ. अन् नवरदेव?"

"प्रेम नाव त्याचं. सावंगीले लॅबमधी आहे."

"नोकरी नाई विचारली, काकू. आवड सांगा. पहाड का समुद्र?"

कांता अडली. "त्याचं माप अजून हाती नाई आलं."

"घ्या! सुनेचं सगळं पाठ, अन् पोराचं काहीच माहीत नाई."

"पोरं कुठं काही सांगतात, बाबू?"

"हे मात्र खरं. आमची माय बी हेच म्हणते."

मग त्यानं मनाली दाखवली. घाटात गुंजनला उलट्या व्हायच्या. खिडकीशी बसवलं, हातात लिंबू दिलं, तरी व्हायच्या. मनाली गेली. गोव्याचे फोटो पाहून कांतानंच मान हलवली. एवढ्या गोंगाटात ही दोघं एकमेकांशी बोलणार कधी?

"तुम्हीच एखाद्या ठिकाणी जाऊन या मंग," आदेश वैतागून म्हणाला.

"मले कोण नेते?" कांता हसली. "समुद्र दाखव. पण गरीब समुद्र पाहिजे. गर्दी नसलेला."

गुंजनला आईबाप नव्हते. आर्वीला मामानं वाढवली, नर्सिंगला घातली, लग्न लावून दिलं आणि मोकळा झाला. तिनं समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला होता. एकदा जेवताना घास हातात तसाच ठेवून म्हणाली होती, "एवढं पाणी, आई, अन् एक घोट पिता येत नाई." कांताच्या ते ध्यानात राहिलं होतं.

"विशाखापट्टणम," आदेश म्हणाला. "नागपूरहून गाडीत बसलं की झालं. घाट चढायची गरज नाई. समोर समुद्र, गर्दीपासून जरा दूरचं हॉटेल पाहून देतो. पाच दिवस, तुमच्या पैशात."

कांतानं फोन लावला. गुंजन ड्यूटीवर होती.

"आई, गोळी घेतली का? मी येताना पपई आणीन."

"ते राहू दे. विशाखापट्टणम ठरवून राह्यली मी."

"म्या सांगतलं ना, मी नाई जात कुठं."

"समुद्र आहे तिथं."

पलीकडे वॉर्डात कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाका मारत होतं.

"हॉटेलातून दिसते का?" गुंजननं हळूच विचारलं.

कांतानं फोन ठेवला आणि पर्सची चेन उघडली.

"जमलं!" आदेश खूश झाला. "पाच दिवस तुम्ही घरात एकट्याच का मंग?"

"मशीन आहे ना. बोलत राह्यते ती."

"पाच दिवस तं असे जातात, काकू. मंग आहेच सून, रोज भांडाले."

बाहेर आर्वीची बस मागे घेत होते. कंडक्टर पत्र्यावर थापा मारत होता. बस वळून निघून जाईपर्यंत कांता तिच्याकडे पाहत राहिली.

"रूममधी फुलं टाकाले सांगू? बेडवर बदाम काढतात गुलाबाचा."

"टाकू दे," कांता म्हणाली. मग जरा थांबून, "गुलाब नको. मोगऱ्याचं सांग. गुलाब झाला एकदा."

आदेशला ते कळलं नाही. त्यानं कॅलेंडर पुढे ओढलं. "लग्न रविवारी. सोमवारची गाडी पकडू?"

"नाई, नाई. मंगळवारी मांडवपरतणी आहे. नवरानवरी पहिल्यांदा जेवाले येतीन, पुरणपोळी होईन, मंगच जायचं. त्यासाठी तं घर रंगवून घेतलं म्या."

"तुम्ही काऊन रंगवलं? मांडवपरतणी पोरीच्या माहेरी राह्यते." आदेश हसत पावतीपुस्तक पुढे ओढून लिहू लागला. "चाला, बुधवारची गाडी. मंगळवारी तिकिटं मीच नेऊन देतो, जेवणही होऊन जाईन माझं. पोरीच्या माहेरचा पत्ता सांगा."

"नालवाडी. बुद्धविहाराच्या मागं, हिरवं घर."

"हे तं तुमचं घर झालं, काकू. पोरीचं सासर. मी माहेर विचारून राह्यलो."

"तेच लिही, बाबू," कांता म्हणाली. "माझा प्रफुल्ल होता तोवर सासर होतं ते तिचं."