इच्छा पंच्याण्णव, इरादा शून्य

आईच्या सोबतीला मीच बनवून दिलेलं यंत्र बिघडल्यासारखं वाटलं, म्हणून निघता निघता तपासायला बसले. त्याला कशाची किती इच्छा आहे आणि ती पुरी करायचा किती इरादा आहे, ते पडद्यावर आकड्यांत दिसतं. ‘लेकीला फोन लावणे’ याच्यापुढे इच्छा पंच्याण्णव होती, इरादा शून्य.

“एवढी इच्छा आहे, तर फोन का लावत नाहीस?” मी विचारलं.

“आईंना पाहून शिकलो,” ते म्हणालं. “त्या रोज फोन हातात घेतात, तुमचा नंबर काढतात आणि ‘कामात असेल’ म्हणत परत ठेवून देतात.”



“झालं का गं दुरुस्त?” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. “मग नीघ तू, उशीर होईल.”

आणि तिनं दोघींच्या चहाचं आधण ठेवलं.