जमा बंदूक

निवडणुकीची आचारसंहिता लागली, तशी सीतारामकाकांची आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक श्रीवर्धनच्या पोलीस ठाण्यात जमा झाली आणि काकांचा पाय घरात ठरेना. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही म्हणून चाळीस वर्षं दर रविवारी तिला तेल लावणारा माणूस. आता रोज सकाळी ठाण्यात यायचे, "जाग्यावर हाय ना?" म्हणून विचारायचे, कपाटाचं कुलूप स्वतः ओढून बघायचे, तेव्हा कुठे परत जायचे.

हवालदार म्हात्रे हसायचे. "काका, बायकोलासुद्धा कोणी इतकं जपत नाही."

निकाल लागला. आठवड्याने म्हात्रेंनी बंदूक टेबलावर ठेवून रजिस्टर पुढे सरकवलं. "करा सही. सुटलात एकदाचे."

काकांनी पेन उचललंच नाही. "अजून थोडे दिवस इथंच ठेवाल?"

"इथे तेल कोण लावणार? गंजेल ती."

"गंजू दे." काका दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पियूषची बंदरातली नोकरी गेली. दोन महिने झाले, घरात कोणाशी बोलत न्हाय. फक्त रोज जेवताना विचारतो, बाबा, बंदूक कधी आणताय?"