जास्तीचं वर्तुळ

धंतोलीतल्या दवाखान्यात झालेल्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लहानूजींना बाहेर फिरायची परवानगी दिली, तशी त्यांनी बायकोला शहराबाहेरची जुनापाणीची शिळावर्तुळं पाहायला आणलं. सारा जन्म नागपुरात काढला, पण ती पाहायची राहूनच गेली होती.

"एवढाले धोंडे गोल मांडले काहून असतीन?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"कोणी म्हणते आभाळातले तारे पाहाले. कोणी म्हणते थडगी आहेत." लहानूजींनी एका धोंड्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी गेलो असतो, तं माझ्याभोवती मांडले असते काय वं तू एवढे?"

"आधी जेवा. भाकर थंडी होऊन राहिली."

अंथरलेली चादर वाऱ्यानं सारखी उडत होती. कौसल्याबाईंनी हाताला लागले ते दगड तिच्या कडेनं ठेवले. मधे बसून दोघं जेवली. वांग्याची भाजी अळणी आहे म्हणून लहानूजी कुरकुरले, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी आणखी अर्धी भाकर मागून घेतली. मग दगड जरा सरकवून बाईंनी चादर ओढून घेतली, आणि दोघं निघाली.

मागून घरच्यांना घेऊन आलेला एक माणूस नेमका त्या दगडांपाशी थांबला. "हे बघा, हेही वर्तुळच. लहानसं आहे, एखाद्या लेकराचं थडगं असेल."

लहानूजी मागे वळले.

"नाही गा भाऊ. इथं दोघं जण पोटभर जेवले."