चौकटीतल्या बारा ओळी

अर्शी जी चूक सांगायला आली होती, ती समोरच भिंतीवर टांगलेली होती. काचेच्या चौकटीत. वर चंदनी हार.

आनंदराज सरांनी लिहिलेल्या कोडच्या त्या बारा ओळी अकरा वर्षांपूर्वी जगभर चालणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिममध्ये गेल्या, फायली सांभाळणाऱ्या भागात. विष्णुपुरीत सत्कार झाला. पाहुणे मोबाईलच्या दुष्परिणामांवर चाळीस मिनिटं बोलले.

फाईल बंद झाली की मेमरीतली तिची जागा सोडून द्यायची असते. सरांचा कोड जागा आधी सोडायचा आणि तिथलं शेवटचं वाचन नंतर करायचा. तेवढ्या वेळात तिथं दुसऱ्या कुणी काही भरून ठेवलं, की मशीन त्याच्या ताब्यात.

अर्शीनं दुरुस्ती लिहिली होती. तिची पहिलीच. तीही अशीच भिंतीवर लावायची म्हणून अब्बांनी तर फ्रेमवाल्याला मापही देऊन ठेवलं होतं. धाडायची अडली होती ती एका ओळीपायी. चूक कोणत्या जुन्या बदलातून आली, हे दुरुस्तीखाली लिहायचा तिथला रिवाज. त्या बदलावर सरांचं नाव होतं, आणि अर्शीला कोड लिहायला शिकवलं ते याच सरांनी.

सरांच्या पत्नी मनिषाकाकूंनी दारातच बजावलं होतं, "जपून बोल गं. रिटायर झाल्यापासून तेवढी चौकटच हाय त्यांच्याजवळ."

अर्शीनं सगळं सांगितलं. मग खाली बघत म्हणाली, "ती ओळ गाळू का, सर? दुरुस्ती तशीही चालते."

"गाळली, तर कोणकोणत्या जुन्या मशिनींना ही लागती, हे कुणाला कळल?"

सर उठले. चौकट उतरवली. बोट ओळीओळीवरून सरकत सातवीवर थांबलं. काकू पदर धरून उभ्या.

"किती लोक हिच्याखाली बसून चहा पिऊन गेले," सर म्हणाले. "हार दोनदा बदलला. वाचलं कुणीच न्हाई. मीबी न्हाई."

त्यांनी अर्शीचा लॅपटॉप जवळ ओढला. तिची दुरुस्ती दोनदा वाचली.

"एका वेळी एकानंच आत यावं म्हणून तू इथं कुलूप लावलंस. मधेच बिघाड होऊन काम परत फिरलं, तर ते कुलूप उघडतंय कोण?"

अर्शीनं पाहिलं. कुणीच उघडत नव्हतं.

"तेवढं नीट कर अन् धाड. माझं नाव पूर्ण लिही."

पायऱ्या उतरता उतरताच तिनं घरी फोन लावला.

"अब्बा, फ्रेमवाल्याला मना करा."