नव्या पोर्टलचा आवाज

हेडफोन लावताच पालिकेच्या तक्रार-कक्षातील अंध कारकून तांबोळीकाकांचा चेहरा पडला. पालिकेच्या जुन्या पोर्टलवरील तक्रार-विभाग प्रोग्रामर शर्वाणीने नव्या आवृत्तीत देखणा बसवला होता. पण शब्दांच्या जागी चित्रे आली होती, आणि पडदा वाचून दाखवणारा आवाज प्रत्येक चित्रापाशी केवळ 'बटण' म्हणून गप्प होत होता.

"पोरी, इतकी वर्षं ऐकून ऐकून कामं केली. आता घरी बसवतेस की काय?"

शर्वाणीला तो देखणेपणा बोचला. तिने प्रत्येक चित्रामागे पडद्यावर न दिसणारे, पण त्या आवाजाला वाचता येणारे नाव लिहिले.

पोर्टल बोलू लागले. काकांची बोटे कळफलकावर धावली आणि तुंबलेल्या गटाराची तक्रार क्षणात योग्य अभियंत्याकडे गेली. शेजारच्या संगणकावर त्यांचे डोळस साहेब अजून चित्रांचे अर्थच लावत होते.

"साहेब," काका खळखळून हसले, "सरका जरा, तुमच्याही तक्रारी मीच पाठवतो!"