लुचियाचा उपास

तेरा डिसेंबरला आमच्या पालेर्मोत संत लुचियाचा उपास. पाव नाही, पास्ता नाही, दिवसभर फक्त आरांचिने, म्हणजे सारण भरून तळलेले भाताचे गोळे. एकादशी अन् दुप्पट खाशी, तसलाच प्रकार.

वरच्या मजल्यावरच्या गास्पारेने दुपारपर्यंत सात हाणले होते. आठवा गार निघाला, म्हणून त्याने बायकोचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. आवाज माझ्या छतातून आला. मी धापा टाकत वर गेले, तर निन्फा कपाळाला फडकं बांधून पुन्हा कढईपाशी उभी होती. फडक्यातून रक्त झिरपत होतं.

फ्रिजवर डॉक्टरांचा कागद लावलेला होता. भात, लोणी, तळलेलं, सगळं बंद.

"अगं, हृदयाचे दोन झटके येऊन गेलेत त्याला," मी कुजबुजले. "हा कागद दाखव की."

"दाखवला होता, मावशी. तेव्हाच तर माझे दोन दात गेले."

"मेलीस का गं?" आतून गास्पारे ओरडला. "गरम आण."

"आणते हो."

तिने भाताच्या गोळ्यात लिंबाएवढं लोणी दाबलं, वर चीज कोंबलं, आणि तो अलगद तेलात सोडला. मी जायला निघाले तशी तिने एक झाकलेली ताटली माझ्या हातात दिली.


"हे तुमचे वेगळे केलेत. ओव्हनमध्ये भाजलेत, लोणी अजिबात नाही. तुम्हाला अजून खूप जगायचंय, मावशी."