गाळलेलं पान

“पुढचं वाच,” ताई म्हणाली. धाकटीने विषयांच्या पुस्तिकेची एकदम दोन पानं उलटली. पदार्थविज्ञान मागे राहिलं आणि समाजशास्त्र समोर आलं.

विद्यापीठाच्या नोंदणी खिडकीसमोर, बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. खिडकी चारला बंद होणार होती आणि सव्वातीन वाजून गेले होते. तिसऱ्या वर्षासाठी पुढच्या पातळीचे चार विषय निवडायचे होते, आणि ते वेगवेगळ्या विभागांतले हवेत असा नियम होता. ताईला दिसत नव्हतं. सोळाव्या वर्षी आजारपणात डोळे गेले, एक वर्ष बुडालं आणि ती धाकटीच्या वर्गात येऊन बसली. “दोघी एका बाकावर, आता आमच्या जिवाला घोर नाही,” असं आईबाबा तेव्हा म्हणाले. घोर तेवढा धाकटीच्या गळ्यात पडला. एरवी ताईला फोन पुस्तकं वाचून दाखवायचा, पण या छापील पुस्तिकेतली बारीक कोष्टकं समोर आली की तो नुसता बरळायचा. तिथे धाकटीच लागायची.

गाळलेल्या पानावर ध्वनिशास्त्र होतं. आता ताई आणि आवाज, काय सांगावं! बाबांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान. कुलपात किल्ली फिरली की आतली कुठली पिन अडतेय ते ताई नुसतं ऐकून सांगायची. “गिऱ्हाइकासमोर बोलू नकोस गं बाई,” बाबा हसायचे, “मग मला कोण विचारणार?” धाकटीला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं?

पण त्या विषयाला प्रयोगशाळा होती. आठवड्यातून तीन दुपारी. तारा, मीटर, काट्यावरचे आकडे. ते आकडे ताईला कोण वाचून दाखवणार? धाकटीच. आणि नेमक्या त्याच तीन दुपारी भूगोलवाल्यांचा नकाशे काढायचा वर्ग भरायचा. दोन वर्षं ती त्या वर्गाच्या दारातून नुसती डोकावत होती. लांबलचक टेबलं, वर दिवे, आणि वाकून रेघा ओढणारी मुलं. ताईला प्रयोगशाळा झेपणार नाही, उगाच कुठे आपटेल, भाजून घेईल, असं धाकटी मनाला पटवत होती. मनही मोठं गुणी, लगेच मान डोलावत होतं.

समाजशास्त्र मात्र तिने अगदी मन लावून वाचलं. तासांच्या वेळा सांगितल्या, परीक्षेचे गुण सांगितले, कधी नव्हे ते पुस्तकांची यादीसुद्धा वाचली. आवाजात इतका गोडवा की तिचा तिलाच संशय यावा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

“पदार्थविज्ञान झालं का गं?” ताईने विचारलं.

धाकटी घाईघाईने म्हणाली, “झालं की. काही नाही त्यात, सगळं गणितच गणित.”

“परत एकदा बघ ना. एखादं पान चिकटलं असेल.”

“बघितलं ना ताई! माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

हे बोलायची काही गरज होती का? पण बोलून गेली खरी, आणि मग तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान उघडावं, वाचून टाकावं, चार शिव्या खाव्यात आणि मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं. बोट पानाच्या कडेपर्यंत गेलंही. मग तिला ती टेबलं दिसली. तिने पुस्तिका मिटली आणि ताईचा अर्ज पुढे ओढला.

इतिहास, समाजशास्त्र, साहित्य, तत्त्वज्ञान. सगळे सकाळचे. चौकटी भरून झाल्यावर तिने ताईचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

ताईने सही केली नाही. पेन मांडीवर ठेवून तिने पिशवीतून एक पाकीट काढलं आणि धाकटीपुढे धरलं. “आता हे वाच. मोठ्याने नको.”

पदार्थविज्ञानाच्या विभागप्रमुखांचं पत्र होतं. ध्वनिशास्त्राला बसायची परवानगी. आकडे वाचून दाखवायला प्रयोगशाळेतला एक सहायक मिळेल, असंही लिहिलं होतं. तारीख आठ दिवसांपूर्वीची.

“तू तापाने पडली होतीस ना, त्या दिवशी गेले होते,” ताई म्हणाली. “लोकांना विचारत विचारत. दोनदा चुकले.”

“म्हणजे तुला सगळं माहीत होतं!” धाकटीला रडू फुटलं. रांगेतली दोघंतिघं वळून बघायला लागली. “ताई, चुकलं गं माझं. मला ते नकाशे...”

“कळलं मला. मघाशी भूगोल वाचताना आवाज केवढा बदलला तुझा. तू नकाशे घे. खरंच घे. मला राग नाही आला.”

राग आला असता तर परवडलं असतं. धाकटीने पत्राची घडी घातली. “मग तुझं आधीच ठरलं होतं, तर मला वाचायला कशाला बसवलंस?”

“कुठे ठरलं होतं?” ताईने उभं राहून काठी उघडली. धाकटीने सवयीने कोपर पुढे केलं, पण ते तिने धरलं नाही. “आठ दिवस हे पत्र घेऊन नुसती फिरतेय. तुझ्याशिवाय आपल्याला जमेल का, तेच कळत नव्हतं गं. आता जमवायलाच हवं.”